तिकडं जाऊन येते

माझ्या सासूबाई त्या देशाचं नाव कधी घेत नसत. त्यांच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण देशाचं नाव न घेणारी बाई मी ती एकच पाहिली. त्या ‘तिकडं’ म्हणायच्या. “तिकडं आता रात्र असंल.” “तिकडं म्हनं कपडे वाळत घालायला दोरीच नसते.” माझी नणंद लग्न होऊन तिकडं गेली, तेव्हापासून आमच्या घरात जगाचे दोनच भाग उरले होते, इकडं आणि तिकडं. मी शाळेत भूगोल शिकवायची. खंड आणि महासागर मुलांकडून घोकून घ्यायची, आणि घरी आले की मीसुद्धा ‘तिकडं’च म्हणायची. अजूनही तोंडात तेच बसलंय, म्हणून इथंही तसंच लिहिते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहायचो आणि सासरे हरसूलकडच्या गावी शेतावर असायचे. सासूबाई या दोन घरांमध्ये एसटीनं ये-जा करायच्या. भाताची कामं असली की गावी, नसली की आमच्याकडं. त्या वर्षी नणंदेला दिवस गेले. आधी एकदा राहिले होते, पण ते पोट पडलं. तेव्हा ती तिकडं दवाखान्यात एकटी होती, नवरा दुसऱ्या गावी कामाला होता, आणि सासूबाईंनी तिचं रडणं फोनवर ऐकलं होतं. फोन ठेवून त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि कुणी न सांगता डबे घासत बसल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या दुपारी झोपल्या नाहीत.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. पण नणंदेला येता येईना. जावयांनी नोकरी बदलली होती, दोघांचे कागद तिकडच्या कुठल्याशा कचेरीत अडकले होते, आणि एकदा बाहेर पडलं तर परत आत घेतील की नाही याची खात्री कुणी देत नव्हतं. सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग मीच जाऊन येते.” जणू त्र्यंबकला जाऊन यायचंय.

त्यासाठी व्हिसा हवा होता, आणि तो मिळवायला मुंबईला तिकडच्यांच्या वकिलातीत स्वतः उभं राहावं लागायचं. सोबत कोण जाणार हा प्रश्न निघाला. माझ्या नवऱ्याला सातपूरच्या कंपनीत रजा मिळेना. सासरे कापणीला आलेलं भात सोडून हलेनात. माझी सहामाही परीक्षा संपून दिवाळीची सुट्टी लागली होती. आणि खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. नवरा मला ‘चौकशीची खिडकी’ म्हणतो. लग्नात वाढपी कुठून आणले इथपासून शेजारच्या प्लॉटचा व्यवहार का फिसकटला इथपर्यंत सगळं मला विचारल्याशिवाय राहवत नाही. माणसाला दुसऱ्या देशात जाऊ द्यायचं की नाही हे कुणीतरी खिडकीमागं बसून कसं ठरवतं, हे मला पाहायचं होतं.

तयारी महिनाभर चालली. फोटोपासूनच गंमत. त्या व्हिसाच्या फोटोत उजवा कान दिसला पाहिजे असा नियम होता, आणि सासूबाईंचा डोक्यावरचा पदर कधी हलायचा नाही. स्टुडिओवाल्यानं “मावशी, पदर जरा मागं घ्या” म्हटल्यावर त्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो बिचारा दिवे नीट करायला लागला. शेवटी त्यांनी पदर बोटभर सरकवला. “कान बघून काय कळतं त्यांना?” हे त्यांनी मला विचारलं, आणि मला ते माहीत नसल्याचं फार वाईट वाटलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त काका राहायचे. त्यांचा मुलगा तिकडं होता आणि ते स्वतः जाऊन आलेले, त्यामुळे सगळ्या सोसायटीत या विषयातला शेवटचा शब्द त्यांचा. ते म्हणाले, “बाळंतपणाचा ब्रसुद्धा काढायचा नाही. त्यांना वाटतं, ही बाई आया म्हणून फुकट राबायला चालली. फिरायला जाते म्हणायचं. आणि परत येणार, हे ठणकावून सांगायचं. त्यांना भीती एकाच गोष्टीची असते, आलेला माणूस परत जाणार नाही याची. बाकी इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका, तिथं मराठी बोलणारं माणूस असतं.”

सासूबाईंना इंग्रजी दोन-चार शब्दांपुरतंच येत होतं. माझी मुलगी तेव्हा इंग्रजी बालवाडीत जायची आणि घरी आली की आजीची शाळा घ्यायची. हातात पट्टी घेऊन “गो!” म्हणाली की आजीनं ओट्यापर्यंत चालत जायचं, “कम!” म्हणाली की परत यायचं. गुडघे दुखले तरी सासूबाई हा खेळ खेळायच्या.

आम्ही अंधारातच निघालो. द्वारकेच्या चौकातून दादरच्या शेअर टॅक्सी सुटायच्या, त्यातली एक पकडली. सासूबाईंच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत सातबारा, घराचे कागद आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. कागदांना भाकरीचा वास लागेल म्हटलं तर म्हणाल्या, “लागू दे. शेताचेच कागद हायेत.”

घोटीच्या पुढं उजाडलं तशी मी तालीम सुरू केली.

“आई, मी साहेब. मी विचारलं, कशाला चाललात? तुम्ही काय म्हणाल?”

“फिरायला जाऊन येते.”

“नुसतं ‘फिरायला जाते’ म्हणा. पुढं ते विचारतात परत येणार का. मग म्हणायचं, हो, परत येणार.”

“नुसतं जाते कोन म्हनतं?”

हे खरं होतं. आमच्या घरात कुणी जाते म्हणत नाही. तसं ते कुठल्याच मराठी घरात म्हणत नाहीत, पण सासूबाईंचं फार कडक. मी नवी नवरी असताना एकदा शाळेला उशीर झाला म्हणून चपला घालता घालता “चालले मी” म्हणाले होते, तर त्यांनी मला जिन्यातून परत बोलावलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि ‘येते’ म्हणायला लावून मग सोडलं. त्या दिवशी मला लेटमार्क लागला. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता.

“अहो पण साहेबापुढं म्हणायला काय हरकत आहे?” मी म्हटलं. “तो काय आपल्या घरातला आहे?”

“लांबच्या वाटेला तर मुळीच नाय म्हनायचं.”

पुढच्या सीटवर एक कांद्याचे व्यापारी बसले होते. त्यांना राहवेना. त्यांनी मान वळवली आणि साहेबाचं काम स्वतःकडं घेतलं. “बाई, तिकडंच राहून गेलात तर?” त्यांनी आवाज जाड करून विचारलं. सासूबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. मग मला म्हणाल्या, “ह्यांना सांग, सकाळी सकाळी असं बोलू नये.” व्यापारी बिचारे कसारा घाट उतरेपर्यंत गप्प बसले. मला हसू आवरेना आणि धाकधूकही वाटायला लागली. साहेबानंही हेच विचारलं, तर ह्या त्यालाही असंच सांगणार.

मुंबई जसजशी जवळ यायला लागली तसा घाम फुटायला लागला. दसऱ्यानंतरचं ऊन, त्यात गाड्या मुंगीच्या पावलानं चाललेल्या. दादरला उतरलो तेव्हा पाठीचा कणा जागेवर आहे का हे चाचपून पाहावं लागलं. तिथून दुसरी टॅक्सी करून समुद्राच्या कडेनं वकिलातीकडं. सासूबाईंनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. मला वाटलं, हात जोडतील. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “एवढं पानी, आन् भाताला उपयोग नाय.”

वकिलातीच्या भिंतीला लागून रांग होती. सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या फायली, सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे, आणि सगळ्यांचे ओठ हलत होते. तालीम तर प्रत्येकाचीच चालली होती. आत पिशव्या नेऊ देत नाहीत, त्यामुळे समोरच्या फुटपाथवर शहाळ्यांच्या गाडीवाल्यानं पिशव्या सांभाळायचा जोडधंदा काढला होता. फोटोत कान नीट आला नाही म्हणून परत पाठवलेल्यांसाठी कॅमेरा घेऊन एक जण झाडाखाली बसलेला. दुसऱ्या देशाच्या दारावर आपल्या लोकांनी केवढा बाजार मांडला होता! मी सगळ्यांशी दोन-दोन शब्द बोलून घेतले.

मला आत सोडणार नव्हते. रांग दाराशी पोचली तेव्हा सासूबाईंनी पिशवी माझ्याकडं दिली, फाईल छातीशी धरली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाल्या, “येते.”

“या,” मी म्हटलं. आणि त्या आत गेल्या.

मग वाट बघणं सुरू झालं. समोरच्या फुटपाथवर आमच्यासारख्या सोबतीला आलेल्यांचा घोळका होता. शहाळेवाल्यानं एक खूण सांगितली. ज्याला व्हिसा मिळतो त्याचा पासपोर्ट ते शिक्का मारायला ठेवून घेतात आणि पावतीची चिठ्ठी देतात. ज्याला नाही मिळत त्याचा पासपोर्ट हातात परत येतो. म्हणजे बाहेर येणाऱ्याचे हात बघायचे. तेव्हापासून कुणी बाहेर आलं की आम्ही सगळे आधी हात बघायचो आणि मग तोंड.

मी बाहेर येणाऱ्यांना गाठून विचारायला लागले. ओळख ना पाळख, पण त्या फुटपाथवर कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. एका तरुण पोराला एकच प्रश्न विचारला होता, परत येणार का, आणि त्याच्या हातात पासपोर्ट होता. एका म्हाताऱ्या गृहस्थांना काहीच विचारलं नव्हतं आणि त्यांच्या हातात चिठ्ठी होती. एक बाई ढीगभर कागद घेऊन गेल्या होत्या, त्यांतला एकही कुणी बघितला नाही. मी शिक्षिका, मला नियम सापडल्याशिवाय चैन पडेना. पाऊस कुठं का पडतो हे सांगता येतं, वाळवंट कुठं का होतं हेही सांगता येतं, पण इथं काही सूत्रच दिसेना. माणूस परत येईल हे कशावरून ओळखायचं? मी मनाशी माझ्याच घरातली उत्तरं मांडून पाहिली. माझ्याकडं काय आहे, ज्यावरून कुणी म्हणेल की ही बाई परत येणार? मुलगी आहे, नवरा आहे, नोकरी आहे. पण हे सगळं तर कागदावर सगळ्यांकडंच असतं.

माझ्या शेजारी हिरव्या साडीतल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या मुलाचा तिकडच्या कॉलेजात पदवीचा समारंभ होता. मुलानं खुर्च्या राखून ठेवल्या होत्या म्हणे. आधी त्यांची स्वतःची मुलाखत झाली होती आणि पासपोर्ट त्यांच्या पर्समध्ये परत आला होता. आता सगळी मदार नवऱ्यावर. “एक तरी खुर्ची भरू दे,” त्या मला म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांचे यजमान बाहेर आले. आम्ही दोघींनी एकदमच हात बघितला. ते येऊन बाईंच्या शेजारी फुटपाथवरच बसले आणि रुमालानं चष्मा पुसत राहिले.

त्याच वेळी सासूबाई दारातून बाहेर आल्या. मी उठून उभी राहिले आणि त्यांचे हात शोधायला लागले. हात दिसेनात. दोन्ही हात पदराखाली. फाईल काखेत, चेहरा कोरा. त्या रस्ता ओलांडून आल्या, माझ्याकडं बघितलं, मग हिरव्या साडीवाल्या बाईंकडं, मग त्या गृहस्थांच्या हाताकडं.

“काय झालं?” मी विचारलं.

“भूक लागली. चल.”

“आई, काय झालं ते तर सांगा!”

“चल म्हनते ना.”

मला नणंदेचा चेहरा दिसायला लागला, तिला फोनवर काय सांगायचं याचे शब्द मी जुळवायला लागले, आणि मनातल्या मनात आधी सासूबाईंवर चिडले, मग खालच्या काकांवर, मग स्वतःवर. टॅक्सीत त्या एका शब्दाची तालीम मी आणखी ताणून धरायला हवी होती. आम्ही पिशवी सोडवली आणि समुद्राच्या कडेनं बरंच चालत गेलो. वळण आलं, वकिलात दिसेनाशी झाली. एका कठड्यावर त्या बसल्या, फडकं सोडलं, भाकरीवर लसणाची चटणी ठेवली आणि मग दोन्ही हात माझ्यापुढं धरले. एका मुठीत चिठ्ठी चुरगळलेली होती. पासपोर्ट नव्हता.

“अहो! मग तिथंच का नाही सांगितलंत?”

“त्या माऊलीच्या मालकाच्या हातात पुस्तक होतं. तिच्यापुढं मी काय नाचू?”

मला एकदम रडू आलं. भाकरी हातात धरून मी रडले, आणि त्या म्हणाल्या, “आता का रडती? खा.” मग मी खाल्लं, आणि खाता खाता चौकशीची खिडकी पुन्हा उघडली.

“काय काय विचारलं? पहिल्यापासून सांगा.”

“काचेमागं साहेब होता. तुझ्या नवऱ्यापेक्षा लहान. केस पिवळे, कान लाल. बाजूला आपली एक बाई, मराठी बोलनारी. ती म्हनली, कुठं निघालात? म्हनलं, मुलीकडं जाऊन येते. तर तिनं साहेबाला सांगितलं. मी एवढं बोलले आन् तिनं एवढुसंच सांगितलं. त्यात मला ‘गो’ ऐकू आलं. ‘कम’ नाय आलं.”

“मग?”

“मग साहेब काहीतरी बोलला. ती म्हनली, परत येनार का? आता माझं डोकंच फिरलं. पहिल्या झटक्यालाच सांगितलं व्हतं, जाऊन येते. त्यातलं अर्धं हिनं खाल्लं, आन् वर मलाच इचारते, अर्धं कुठंय? बरं, घराबाहेर पडताना असलं इचारत्यात का? मी काचेवर बोट ठेवलं. म्हनलं, साहेब, नो गो. गो-कम.”

मी घास गिळायचा विसरले.

“तो म्हनला, गो-कम? म्हनलं, यस. आमच्यात एकच हाय ते. गो-कम. तर ती बाई हसायला लागली. मग या बारीला ती साहेबाशी लय बोलली. लय म्हंजे लय. साहेबबी हसला. म्हनला, कवा कम? म्हनलं, मिरगाच्या आत. तर त्या बाईला मिरग ठावं नाय! शहरातली असंल. म्हनलं, साहेबाला सांग, पावसाच्या आत. पाऊस आला आन् मी तिकडंच बसले, तर पेरनी कोन करील? भात काय आपलं आपन उगवतं?”

“आणि बाळंतपण?” मी भीत भीत विचारलं. “त्याचं तर काही बोलला नाहीत ना?”

“सांगितलं.”

“आई!”

“त्यानं इचारलं, मुलगी कशी हाय. आता कुनी मुलगी कशी हाय इचारल्यावर मी फिरायला चालले म्हनू? म्हनलं, सातवा सरत आलाय साहेब. मागच्या टायमाला एकलीच होती ती. पहिलं बाळंतपन माहेरी असतं आमच्यात. तिला येता येत नाय, म्हनून माहेर तिकडं नेते आन् परत आनते.”

यावर साहेब काय म्हणाला ते सासूबाईंना सांगता आलं नाही, कारण तो काही म्हणालाच नाही. त्यानं फाईल उघडलीसुद्धा नाही. पासपोर्ट बाजूला ठेवला आणि चिठ्ठी दिली. सासूबाई खिडकीपासून निघताना सवयीनं ‘येते’ म्हणाल्या, आणि ती मराठी बाई सवयीनं ‘या’ म्हणाली. एवढंच झालं. व्हिसा नेमका कशावर मिळाला, गो-कमवर, मिरगावर की माहेरावर, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. खालच्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले, नशीब. मला ते उत्तर पटत नाही, पण दुसरं सापडतही नाही.

परतीच्या टॅक्सीत मी मेल्यासारखी झोपले. इगतपुरीला गाडी चहाला थांबली तेव्हा सासूबाईंनी मला हलवून उठवलं. हॉटेलच्या बाजूला एसटीडीचं बूथ होतं. “तिकडं आता सकाळ झाली असंल,” त्या म्हणाल्या. मी नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात देऊन बाहेर उभी राहिले. मला वाटलं, सगळी हकिगत पहिल्यापासून सांगतील. त्यांनी काही सांगितलं नाही. नणंदेनं पलीकडून ‘हॅलो’ म्हटलं असेल, तेवढ्यावर त्या म्हणाल्या, “येते गं.” मग पुन्हा एकदा, “येते.” पलीकडचं रडणं मला काचेबाहेर ऐकू आलं. या वेळी सासूबाई हसत होत्या.

भाताची कापणी उरकून त्या तिकडं गेल्या. नणंदेला मुलगी झाली, सुखरूप. आणि मे संपता संपता, मिरगाच्या आत, सासूबाई परत आल्या. अंगावर तिकडचा स्वेटर, पायात पांढरे बूट, डोक्यावर पदर. विमानतळावरून घरी येईपर्यंत त्यांनी रोपांच्या वाफ्यांवरचे राब भाजून झाले का, बी कुठलं आणलं आणि बैल कसे आहेत एवढंच विचारलं. तिकडच्या गमती मग हळूहळू वर्षभर पुरल्या. दोरी खरंच नव्हती. त्यांनी गॅलरीत बांधली, आणि इमारतीच्या लोकांनी ती सोडायला लावली.

त्यानंतर दर रविवारी नणंदेचा फोन यायचा. नातीचं दात येणं, चालणं, पहिला शब्द, सासूबाई सगळं मन लावून ऐकायच्या. पण दोन-तीन वर्षांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बोलणं छान चाललेलं असायचं आणि मधेच त्या रिसीव्हर माझ्याकडं द्यायच्या. “ही बोलती बघ तुझ्याशी,” म्हणायच्या आणि उठून जायच्या. मी रिसीव्हर कानाला लावला की पलीकडून दर वेळी तेच वाक्य अर्धवट ऐकू यायचं, “...पुन्हा कधी येशील गं आई?” एकदा झालं, दोनदा झालं, कितीदा तरी झालं. मी नणंदेला सांगायची, आई देवाजवळ दिवा लावायला गेल्या. दुपारचे बारा वाजलेले असायचे.

मी अशी गोष्ट सोडणारी नव्हे. एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो तेव्हा विचारलंच. “आई, तो प्रश्न आला की तुम्ही फोन माझ्याकडं का देता?”

त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

“तिकडून निघाले ना,” त्या म्हणाल्या, “तवा ती दारात उभी होती. पोर तिच्या कडंवर. मला म्हनली, आई, परत येशील ना? त्या साहेबानं इचारलं तेच. शब्दबी तेच. साहेबाला मी फडाफडा बोलले. हिच्यापुढं तोंडच उघडंना.”

“का?”

“पुन्हा कोन सोडतंय मला? शेत हाय, तुझे सासरे हायेत, हे गुडघे हायेत. येते म्हनलं असतं तर ते खोटं. आन् जाते म्हनायला जीभ वळत नाय. जन्मात कधी म्हनले नाय, ते काय लेकीला म्हनू?”

“मग काय म्हणालात?”

“कायबी नाय. पोरीच्या गालाला हात लावला आन् गाडीत बसले. घरातून निघताना काय न म्हनता निघाले, अशी ती एकच वेळ.”

त्यांनी सूप उचललं, तांदूळ पाखडले आणि डब्यात भरले. माझ्या मनात पुढचे कितीतरी प्रश्न होते. ती काय म्हणाली, गाडीतून मागं वळून बघितलंत का, तिला कळलं असेल का. त्यांतला एकही मी विचारला नाही.

पुढच्या रविवारी फोन आला. नात शाळेत जायला लागणार होती, त्याचं बोलणं रंगलं होतं. थोडा वेळ गेला तशी मी ओट्यावरचा गॅस बारीक केला, हात पुसले आणि सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडं न बघता रिसीव्हर पुढं केला, आणि मी तो घेतला.